धंद्यासाठी कोडिंग शिकायलाच हवं का?

(सामुदायिक रेडिओवरच्या संवादावरून)

पैठण तालुक्यात बचत गटांच्या बैठकांना जातो, तेव्हा अलीकडे एक नवा प्रश्न कानावर येतो. पूर्वी बाया विचारायच्या, ‘ताई, बँकेचं कर्ज कधी होणार?’ आता विचारतात, ‘ताई, आमच्या मसाल्याची वेबसाइट काढायची आहे. त्यासाठी ते कोडिंग का काय म्हणतात, ते शिकावं लागेल का?’ कुणाचा मुलगा सांगतो की त्याच्याशिवाय आता धंदाच नाही. कुठला क्लासवाला हजारो रुपये फी सांगतो. कुणी म्हणतं, ‘दहावी नापास बाईला हे जमणार का?’ नव्या धंद्याला आजकाल स्टार्टअप म्हणतात, आणि स्टार्टअप म्हटलं की इंजिनिअरच पाहिजे, असा समज होऊन बसला आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. गटातल्या प्रत्येकीला कोडिंग यायलाच हवं असं नाही. पण ‘आपल्याला त्यातलं काही कळत नाही’ असं म्हणून सगळं दुसऱ्याच्या हाती सोपवलं, तर धंदाही त्याच्याच हाती जातो. विणता आलं नाही तरी चालेल, पण पारखता आलं पाहिजे, आणि चावी आपल्याच कमरेला पाहिजे. हे कसं, ते आज समजून घेऊ.

कोडिंग म्हणजे काय?

पैठणच्या बाईला हे समजवायला संगणकही लागत नाही, माग पुरे. पैठणीचा पदर विणताना विणकराजवळ नक्षीचा आलेख असतो, म्हणजे चौकटी आखलेला कागद. कुठल्या चौकटीत कुठला रंग, मोराची मान कुठून वळवायची, कमळाची पाकळी किती धाग्यांची, हे सगळं त्यावर ठरलेलं असतं. जुन्या विणकरांना तर तो आलेख पाठच असतो. त्या हुकमाप्रमाणे एकेक रंगाची तिल्ली फिरवली की पदरावर मोर उतरतो. एक चौकट चुकली तर मोराची चोच वाकडी होते.

कोडिंग म्हणजे असाच आलेख, फक्त तो संगणकासाठी लिहायचा. ‘हे नाव मोठ्या अक्षरात दाखव. त्याखाली फोटो लाव. गिऱ्हाइकानं दोन पाकिटं मागितली तर किंमत दुप्पट कर.’ असे एकापाठोपाठ एक हुकूम. संगणकाला स्वतःची अक्कल नसते. सांगितलं तेवढंच करतो, आणि चुकीचं सांगितलं तर चुकीचंच करतो.

हे नातं आम्ही ओढूनताणून जोडत नाही. फ्रान्समधल्या लियाँ गावच्या जकार्ड नावाच्या माणसानं १८०४ च्या सुमाराला मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे बसवले. भोक असेल तिथं धागा उचलला जायचा, नसेल तिथं नाही. त्याच्याच नावाचं जकार्ड आजही आपल्याकडच्या मागांवर दिसतं. पुढं इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी हिशोबाच्या यंत्रासाठी तीच पुठ्ठ्यांची युक्ती घेतली. त्या यंत्राला हुकूम कसे द्यायचे, हे १८४३ साली लिहून छापणारी बाई होती, एडा लव्हलेस. संगणकासाठी लिहिलेला पहिला आलेख म्हणून तिच्या लिखाणाकडे बोट दाखवतात. तेव्हा ‘हे बायकांचं काम नाही’ असं कुणी म्हटलं, तर त्याला हे सांगा.

विकणारीला विणता यायला हवं का?

आता पैठणीचंच पुढं नेऊ. पैठणी विकणारी प्रत्येक बाई मागावर बसलेली असते का? नाही. पण खरी पैठणी कुठली, हे तिला कळावंच लागतं. ती साडी उलटी करून बघते. हातमागावरच्या खऱ्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनंही जवळजवळ तशीच दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात नक्कल आहेच. ज्या बाईला साडी उलटी करून बघता येते, तिला कुणी फसवू शकत नाही. ही नजर यायला वर्षभर मागावर बसावं लागत नाही, पण मागापाशी थोडा वेळ तरी बसावं लागतं.

वेबसाइटचंही असंच आहे. ही गोष्ट फक्त आपल्यासारख्या लहान धंद्याची नाही. पुण्याचं एक उदाहरण बघा, आणि तेही संगणकाच्याच धंद्यातलं.

संगणकात व्हायरस शिरू नये म्हणून ‘क्विक हील’ नावाचं सॉफ्टवेअर घालतात, ते पुण्यात तयार झालं. कैलाश काटकर आणि संजय काटकर हे दोन भाऊ त्यामागचे. मूळ सातारा जिल्ह्यातले. थोरल्या कैलाश यांनी दहावीनंतर शाळा सोडली आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला लागले. पुढं संगणक आले, तेव्हा ते दुरुस्त करायला शिकले. धाकट्या भावाला मात्र संगणकाच्या शिक्षणाला घाला, हा त्यांचाच आग्रह. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसनं बिघडलेले असायचे. तो काढून टाकणारं सॉफ्टवेअर संजय यांनी लिहिलं. १९९३ ला कंपनी सुरू झाली, १९९५ ला क्विक हील बाजारात आलं, आणि २०१६ ला ती कंपनी शेअर बाजारात गेली.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, कोड लिहिणारा एक भाऊ होता, धंदा उभा करणारा दुसरा. दुसरी, थोरल्या भावाला कोड लिहिता येत नव्हता, तरी संगणक उघडून आत काय बिघडलं हे कळत होतं. गिऱ्हाइकाचं दुखणं त्याला ठाऊक होतं. आणि कोड लिहिणारा माणूस परका नव्हता, घरचा होता. ज्यांचा मालच सॉफ्टवेअर आहे, त्यांच्या घरात कोड येणारं माणूस पाहिजेच. आपला माल मसाला, पापड, गोधडी, पैठणी असेल, तर आपल्या घरात आधी मालाची जाणकारी पाहिजे.

मग आपण नेमकं काय शिकायचं? याचं उत्तर सातारा जिल्ह्यातच, माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायांनी दिलं आहे. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायांसोबत महिलांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बाया परत आल्या, अक्षरं गिरवायला लागल्या, आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आम्हाला वाचता येत नसेल, पण व्याजाचा हिशोब तोंडी येतो. तुमच्या लोकांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा. १९९७ ला माणदेशी महिला बँक सुरू झाली. त्या बायांनी बँकिंगची पदवी घेतली नव्हती. धंद्याला जे लागतं ते मात्र पक्कं येत होतं, आणि जे कमी होतं ते शिकायची तयारी होती.

वेबसाइटचे चार भाग

वेबसाइट म्हणजे एक दुकान समजा. त्याचे चार भाग असतात.

पहिला, पाटी. म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याला डोमेन म्हणतात. शेवटी ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ असतं ते. हे नाव विकत मिळत नाही, मुदतीच्या भाड्यानं मिळतं. मुदत संपली आणि भाडं भरलं नाही, तर तेच नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो.

दुसरा, गाळा. वेबसाइटचे फोटो आणि मजकूर जिथं ठेवतात ती जागा, तिला होस्टिंग म्हणतात. तिचंही भाडं असतं.

तिसरा, मांडणी. कुठली बरणी कुठल्या फळीवर, किंमत कुठं लिहायची. कोडिंग मुख्यतः इथं लागतं. आजकाल तयार मांडण्या मिळतात, त्यात आपले फोटो आणि भाव भरायचे. मोबाइलवर सांगितलं तर कोड लिहून देणारी एआयची साधनंही आली आहेत. पण त्यांनी लिहिलेलं बरोबर आहे का, हे माणसालाच तपासावं लागतं.

चौथा, गल्ला. पैसे कुठल्या खात्यात येतात ते. गल्ला कधीही दुसऱ्याच्या नावाचा नको. गटाचा धंदा असेल तर पैसे गटाच्याच बँक खात्यात यायला हवेत.

या चारांपैकी कोडिंग फक्त एकात. उरलेले तीन भाग कागदपत्रांचे आणि पैशांचे आहेत, आणि ते सांभाळणं आपल्याला गटात चांगलं येतं. मग नुकसान कुठं होतं? याच तीन भागांकडं दुर्लक्ष झालं की होतं.

आमच्या ओळखीच्या एका गटाचं असंच झालं. नाव सांगत नाही. त्यांचा मसाला चांगला चालत होता. नाथषष्ठीच्या गर्दीत स्टॉल लावला की बाहेरगावचे लोक पत्ता मागायचे. म्हणून ओळखीच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. त्यानं नाव स्वतःच्या ईमेलवर घेतलं, मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला. त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, घाईत सोपं पडलं म्हणून केलं. पुढं तो नोकरीला लांब गेला, त्याचा नंबर बदलला. मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर गेली, ती कुणीच वाचली नाही. वेबसाइट बंद पडली. इकडं छापून आणलेल्या हजारो पाकिटांवर तोच पत्ता. बायांनी बसून एकेका पाकिटावर चिठ्ठी चिकटवली. वर जुनी गिऱ्हाइकं तुटली ती वेगळीच.

त्या गटात एकीलाही कोडिंग येत नव्हतं, पण त्यानं नुकसान झालं नाही. पाटी कोणाच्या नावावर आहे, हे विचारलं गेलं नाही म्हणून झालं.

पासवर्डचा ठराव

आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोबाचं लेखन. त्या लेखनात आता एक पान जोडा.

गटाच्या नावानं एक वेगळा ईमेल काढा. त्याला गटाचं वेगळं सिमकार्ड जोडा आणि ते कोणाकडं राहील ते ठरवा. पाटी, गाळा, दुकानाचा व्हॉट्सअॅप, सगळं याच ईमेलवर आणि याच नंबरवर घ्या. पासवर्ड बंद लिफाफ्यात घालून पेटीत ठेवा. पाटीची आणि गाळ्याची मुदत कधी संपते, ती तारीख इतिवृत्ताच्या वहीत लिहा आणि महिनाभर आधी बैठकीत वाचून दाखवा.

अध्यक्ष किंवा सचिव बदलली की आपण बँकेत सह्या बदलण्याचा ठराव करतो ना? तसाच पासवर्ड बदलण्याचाही ठराव करा. वेबसाइट करणाऱ्याचं काम संपलं की त्या दिवशीही बदला. त्यात अविश्वास काही नाही. घर रंगवून झालं की रंगाऱ्याकडून किल्ली परत घेतोच की आपण.

आणखी एक. ऑनलाइन ऑर्डर यायला लागल्या की ठगही येतात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, वेबसाइट करणाऱ्यालाही नाही. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा.

आधी हिशोब मांडा

वेबसाइट हवीच का, हे ठरवायला आपला मसाल्याचा हिशोब पुरतो. समजा, एका पाकिटामागं सगळा खर्च जाऊन २० रुपये सुटतात. वेबसाइटवाल्यानं २५ हजार सांगितले. म्हणजे ते पैसे भरून निघायला १,२५० पाकिटं जास्तीची विकावी लागतील. पुढच्या वर्षी पाटी, गाळा आणि देखभाल मिळून समजा ४ हजार. म्हणजे दरवर्षी २०० पाकिटं फक्त दुकान उघडं ठेवायला. एवढी जास्तीची गिऱ्हाइकं वेबसाइटमुळं येतील का? येत असतील तर जरूर काढा. ‘शेजारच्या गटानं काढली’ हे कारण मात्र पुरेसं नाही.

बऱ्याच गटांना सुरुवातीला व्हॉट्सअॅप बिझनेस पुरतो. तो फुकट आहे. त्यात मालाचे फोटो, भाव, पत्ता, कामाची वेळ लावता येते. गूगलच्या नकाशावर आपल्या दुकानाची खूण टाकणंही फुकट आहे. यातून काही महिने धंदा करून बघा. कुठून फोन येतात, लोक काय विचारतात, दुसऱ्यांदा किती जणी मागवतात, ते वहीत लिहा. बाहेरगावच्या ऑर्डरी सारख्या यायला लागल्या, रोज संध्याकाळी त्याच त्या प्रश्नांची उत्तरं देऊन बोटं दुखायला लागली, किंवा मोठा व्यापारी तुमची माहिती बघायला मागू लागला, की समजा वेबसाइटची वेळ आली. त्या वहीमुळं वेबसाइटवर काय असावं हेही आपोआप ठरतं.

काम देताना काय विचारायचं?

काम देण्याआधी हे पाच प्रश्न बैठकीत, सगळ्यांसमोर विचारा.

एक, पाटी आणि गाळा गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर घेणार का?

दोन, पहिल्या वर्षी किती पैसे आणि दुसऱ्या वर्षापासून किती? दोन्ही आकडे लिहून द्या.

तीन, भाव बदलायचा, फोटो बदलायचा, तर आमचं आम्हाला करता येईल का? ते शिकवणार का?

चार, साध्या मोबाइलवर, कमी नेटमध्ये वेबसाइट उघडेल का? आमच्यासमोर उघडून दाखवा.

पाच, उद्या तुम्ही दुसरीकडं गेलात तर सगळं आमच्या हवाली कसं करणार?

उत्तरं साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे एकदम देऊ नका. थोडे आधी, थोडे काम दाखवल्यावर, उरलेले किल्ल्या हातात आल्यावर. आणि नात्यातली पोरगी आहे म्हणून तिच्याकडून फुकट करून घेऊ नका. फुकटच्या कामाला कुणाला जाब विचारता येत नाही, आणि त्या पोरीच्या शिक्षणाचाही तो मान नाही.

मग कोडिंग शिकायचं कुणी?

ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर शिकावं. गटात एखादी सून, एखादी मुलगी असते, मोबाइलमधलं काही अडलं की सगळ्या तिच्याकडं धावतात. तिला शिकवा. एमएस-सीआयटी झाली म्हणजे कोडिंग आलं, असं नाही. तिथं संगणक वापरायला शिकवतात. कोडिंग त्याच्या पुढचं. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात मराठीतून फुकट धडे मिळतात. लहान मुलांसाठी ‘स्क्रॅच’ नावाचं साधन आहे, तेही फुकट वापरता येतं. त्यात ठोकळे जोडून हुकूम द्यायचे असतात. आई पापड लाटत असताना शेजारी बसून मूल ते शिकू शकतं. हजारोंची फी भरण्याआधी हे करून बघा, आवड आहे की नाही ते कळेल.

बाकीच्यांनीही एक गोष्ट करावी असं आम्हाला वाटतं. एकदा तरी त्या मुलीशेजारी बसून वेबसाइटचं एक साधं पान तयार होताना बघा. ‘लाल मिरची मसाला, पाव किलो’ एवढी एकच ओळ. तिच्या आजूबाजूला ‘हे मोठ्या अक्षरात दाखव’ अशी खूण टाकली की ती ओळ मोठी होते. भावाचा आकडा तुमच्या हातानं बदला आणि पान पुन्हा उघडा. बदलायला किती वेळ लागला ते घड्याळात बघा. मग ‘भाव बदलायचे पाचशे रुपये’ असं कुणी सांगितलं, तर तुम्हाला हसू येईल. नजर तयार होते ती अशी, साडी उलटी करून बघावी तशी.

आपल्यातल्या कित्येक जणी पहिल्यांदा बँकेत गेल्या तेव्हा पैसे भरायची स्लिपही दुसऱ्याकडून भरून घ्यायच्या. आज त्याच बाया पासबुकातली चूक मॅनेजरला दाखवतात. मॅनेजर व्हायचं शिक्षण त्यांनी घेतलं नाही. आपले पैसे कुठं आहेत, हे विचारायला त्या शिकल्या. वेबसाइटलाही तेच विचारायचं आहे.

तर येत्या बैठकीत एक काम करा. ज्या गटाचा काही ना काही ऑनलाइन धंदा आहे, मग ती वेबसाइट असो, फेसबुकचं पान असो की व्हॉट्सअॅपचा ग्रुप, त्यांनी वहीत तीन ओळी लिहायच्या. हे कोणाच्या ईमेलवर आहे? कोणाच्या नंबरवर आहे? मुदत असेल तर कधी संपते? एखाद्या ओळीपुढं गटाबाहेरच्या माणसाचं नाव आलं, तर पुढच्या महिन्याच्या आत ते बदलून घ्या. अडलं तर तुमच्या सीआरपी ताईंना किंवा आम्हाला सांगा, सोबत बसून करू.